एकाच डब्यातल्या कॅप्सूल

माझं वजन शहाण्णव किलो. आधीच सांगून टाकते, म्हंजे तुमाला मधीच हसू फुटायला नको. लातूरला ट्यूशनच्या गल्लीत मी पोरींची मेस चालवते. साठ पोरी, दोन वक्ताचं जेवण. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावहून येतात, पुस्तक ताटाशेजारी उघडं ठेवून जेवतात. लोक म्हणतात, रईसाबी खाऊन खाऊन फुगली. अरे, साठ जणींचं करता करता मी बसून दोन घास कवा खाल्ले ते मलाच याद न्हाई. उभ्या उभ्या तोंडात टाकलं तेच जेवण. उरलेला भात टाकवत न्हाई, तो बी पोटातच जातो. असं असतंय आमचं वजन.

त्याची मला कवा लाज वाटली न्हाई. वाटली ती एकदाच, किडनीच्या डॉक्टरसमोर काट्यावर उभी राहिले तवा.

माझी तूबा एकवीस वर्षांची. ती बी डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलेली, दुसऱ्यांदा रिपीट करून राहिली होती. तिचं तोंड सुजायला लागलं तर आमी म्हणलं, बसून बसून अंग धरलंय, अम्मीवर गेलीय. पोरी तिला चिडवायच्या, मी बी हसायचे. डोकं दुखतंय म्हणून ती मेडिकलातून गोळ्या आणून खायची, कुणाला सांगायची न्हाई. एक दिवस क्लासच्या जिन्यात पडली. दवाखान्यात नेलं तर दोन्ही किडन्या सुकलेल्या. मी हसले होते तिच्या सुजलेल्या तोंडाला, हे मला आजबी झोपू देत न्हाई.

तूबाचे अब्बा तय्यब मास्टर शिलाई करतात. घरातल्या कुणाची तरी एक किडनी तिला बसवायची होती, पण त्यांना वीस वर्षांची शुगर, त्यांची चालत न्हाई म्हणाले. दुसरं लेकरू आमाला न्हाई. राहिले मी. माझं रक्त जुळलं, सगळं जुळलं, मी तिथंच हात वर करून अल्लाचा शुक्र केला. तर डॉक्टर कागद खाली ठेवून म्हणाले, "थांबा. तुमचं वजन फार आहे. आणि वजनामुळं शरीरात आतून सूज आहे. हा सीआरपीचा आकडा बघा, चौदा. तो पाचाच्या खाली पाहिजे. वजनही नव्वदच्या आत आणा. नाहीतर हैदराबादला जिथं ऑपरेशन होतं, तिथली कमिटी तुम्हाला टेबलावर घेणार नाही."

"किती दिवसांत?" मी इचारलं.

"तीन महिन्यांनी तुमची तपासणी पुन्हा लावतो. तूबाचं हृदय थकत चाललंय, बाई. त्यापुढं ती थांबू शकणार नाही."

मी मेसवर आले आन पिठाच्या पोत्यावर बसून रडले. पार्वतम्मा भाकरी थापत होती. ती माझी अक्का. सख्खी न्हाई, ती लिंगायताची, आमी मुसलमान, पण सख्खीनं केलं नसतं तेवढं तिनं केलंय. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव झोपेतच गेलं. अक्काचा मालक गेला, माझी सासू गेली. मी भिंतीखाली होते, अक्कानं मला हातानं दगड उचलून बाहेर काढलं. मग दोन वर्षं पत्र्याच्या शेडात शेजारी शेजारी राहिलो, नंतर लातूरला आलो. मेस माझ्या नावावर, पण भाकरी तिची. पोरी माझी भाजी नावं ठेवून खातात आन अक्काची भाकरी मागून खातात.

"रडून काय आकडा खाली येतोय का?" अक्का म्हणली. "उपाय सांग."

उपाय मला ठाऊक असता तर मी रडले असते का? पण उपाय चालत आला. अक्का भाकरीखाली पेपर अंथरते, त्यावरची जाहिरात एका पोरीनं वाचून दाखवली. नांदेडच्या एका दवाखान्यात अभ्यास चालू हाय. वजन जास्त असलेल्या चाळीस ते साठ वयाच्या माणसांना हळद-मिऱ्याच्या अर्काच्या कॅप्सूल देणार आन अंगातली सूज कमी होते का ते बघणार. पोरगी वाचत होती, 'सीआरपी'. तो शबुद ऐकला आन माझ्या अंगावर काटा आला. हा तर माझाच आकडा!

"हळद?" तय्यब मास्टर म्हणाले. "तू रोज अर्धा किलो हळद भाजीत टाकतीस."

"भाजीतली साठ पोरींच्या पोटात जाते," मी म्हणलं. "ही माझ्या एकटीच्या जाईल. तुमी सुई ओवा."

अक्काचं वजन बी ऐंशीच्या वर, गुडघे फुगलेले. ती म्हणली, एकटीला मी सोडत न्हाई. गेलो दोघी नांदेडला, पहाटेची एसटी धरून.

तिथं डॉक्टर मंजुश्री होती. चष्मेवाली, बारीक आवाजाची, माझ्या मेसमधल्या पोरींसारखीच दिसायची. तिनं नीट बसवून समजावलं. "हे बघा, अर्ध्या लोकांना खरा अर्क मिळेल, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवतो. मलाही माहीत नसतं. रोज चार घ्यायच्या. जास्त नाही, कमी नाही. दुसऱ्याला द्यायच्या नाहीत."

मग फॉर्म भरताना इचारलं, "तुमचं कुठलं ऑपरेशन ठरलंय का?"

मी अक्काकडं बघितलं. हाव म्हणलं असतं तर तिनं मला घेतलं नसतं, हे मला तिच्या आवाजावरूनच कळलं. "न्हाई," मी म्हणलं. अंगठ्यानं नव्हे, सही करून खोटं बोलले.

आता आमची चूक सांगते. ही चूक शेडात राहिलेल्या बाईच्याच हातून व्हायची. भूकंपानंतर मदतीचे ट्रक यायचे तवा वाटप एक सोडून एक असायचं. या शेडाला घोंगडी तर पुढच्याला स्टो, याला तांदूळ तर त्याला तेल. कुणालाच पुरं मिळायचं न्हाई. मग आमी दोघींनी रीतच पाडली. जे येईल ते एकत्र ओतायचं आन अर्धं अर्धं घ्यायचं. पंचवीस वर्षं तेच चाललंय. ईदचा शिरखुर्मा असो, तिच्या भाच्याच्या, धोंडप्पाच्या लग्नाचा लाडू असो, एका डब्यात जातो आन दोघींत निघतो.

एसटीत अक्का म्हणली, "अर्ध्यांना खरी, अर्ध्यांना रिकामी. म्हंजे आपल्या दोघीत एकीची खरी, एकीची रिकामी."

मला बी तेच वाटलं. वाटप म्हणलं की आमच्या डोक्यात शेडच येतंय. दोघी शेजारी बसलेल्या, एकापाठी एक नाव लिवलेलं, मग एक सोडून एकच असणार की! मेसवर येऊन दोन्ही बाटल्या मिठाच्या डब्याशेजारच्या स्टीलच्या डब्यात ओतल्या. रोज चार तिनं घ्यायच्या, चार मी. म्हंजे खऱ्या दोघींनाबी अर्ध्या अर्ध्या मिळतील, कुणी उपाशी राहणार न्हाई. नांदेडला उरलेल्या कॅप्सूल मोजायचे, तो हिशेब बी बरोबर निघायचा.

चार आठवड्यांनी रक्त दिलं. चौदाचे अकरा झाले होते. मला वाटलं, छाती फुटंल. अकरा! पण पाच कुठं आन अकरा कुठं. मधल्या काळात तूबाच्या हातातली डायलिसिसची नस बंद पडली, गळ्याजवळून नळी घातली. तिला मशीनवर बसलेलं बघायचं म्हंजे... जाऊ द्या. चार तास ती बसायची, पहिल्या दिवसांत जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन जायची. मग पुस्तक न्यायचं बंद केलं. मी इचारलं न्हाई का म्हणून.

अकराचा कागद आला त्या दिवशी अक्कानं डबा माझ्यापुढं सरकवला. "समद्या तू घे."

"आन तू?"

"माझ्या गुडघ्याला कसली घाई हाय? ऐक माझं. ह्यात अर्ध्या खऱ्या, अर्ध्या रिकाम्या. चार खातीस तवा तुला दोनच खऱ्या मिळतात. आठ खा, मग चार खऱ्या मिळतील. डॉक्टरणीनं सांगितलेली पुरी मात्रा." आन डबा माझ्या ओटीत ठेवून ती तव्याकडं वळली बी.

किती सरळ हिशेब! मला तर वाटलं, हा आधीच कसा सुचला न्हाई. आठ खायला लागले. अन्न तोडलं. दिवसाला एक भाकरी आन ताक. दुपारी पोरी झोपल्या की गल्लीत चालायचे, ट्यूशनच्या बोर्डाखालून या टोकाहून त्या टोकाला. पोरं हसायची, "काकी, मॅरेथॉन हाय का?" एकाला म्हणलं, "तुझ्या नापासाचे पेढे आणायला चाललेय." अंग आंबून जायचं, पण काटा खाली सरकायचा. ब्याण्णव. नव्वद. सत्त्याऐंशी.

आठव्या आठवड्याला सीआरपी आला चार पॉइंट दोन.

मी तो कागद घेऊन नांदेडच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले आन अक्काच्या गळ्यात पडले. बोर्डाच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरीगत आमी दोघी रडत होतो. किडनीच्या डॉक्टरला फोन लावला. ते म्हणाले, "शाब्बास, बाई. बारा दिवसांनी तपासणी ठेवतो, मग हैदराबाद." तूबाला सांगितलं तर ती नुसती माझ्या हातावर हात ठेवून राहिली. संध्याकाळी मात्र तिनं जीवशास्त्राचं पुस्तक मागून घेतलं.

आन तिसऱ्या दिवशी मंजुश्रीचा फोन आला.

"रईसाबी, तुमचा लिव्हरचा एक आकडा वर आलाय. काळजीचं नसेलही, काही जणांना अशा अर्कानं होतं. पण कॅप्सूल आजपासून बंद करा आणि परवा येऊन परत रक्त द्या."

मी म्हणलं, "हाव, बेटा."

आन बंद केल्या न्हाईत. हे मी कुणाच्या डोक्यावर टाकणार न्हाई, हे माझंच काम. मला भ्या वाटलं, बंद केल्या तर सूज परत चढंल, चाराचे आठ होतील, मग बारा दिवसांनी तो माणूस कागद खाली ठेवंल. तिनं आणिक दोनदा फोन केला. मी म्हणलं, मेस हाय, पोरगी दवाखान्यात हाय, पुढच्या आठवड्यात येते. ती म्हणली, "कॅप्सूल बंद आहेत ना?" मी म्हणलं, "हाव." अक्काला मी यातलं काहीच सांगितलं न्हाई. ती उगं घाबरली असती आन डबा काढून नेला असता.

तपासणीच्या आदल्या दिवशी मला भाकरीचा वास सहन होईना. उलटी झाली. तूबा खाटेवर पडली होती, ती उठून बसली. "अम्मी, इकडं ये. उजेडात ये. डोळे वर कर."

मी डोळे वर केले. तिनं बघितलं आन माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या नखांची खूण उमटली. दोन वर्षं ती ज्या गोष्टी पुस्तकात पाठ करत होती, त्यातली एक तिच्यापुढं उभी होती. "पिवळे हायेत," ती म्हणली.

दुसऱ्या दिवशी तूबा बी माझ्यासंगं आली. किडनीच्या डॉक्टरनं सहा ओळींचा कागद वाचला आन आवाज चढवला, तो मी आयुष्यभर इसरणार न्हाई. "काय खाल्लंत तुम्ही? काय खाल्लंत? सूज खाली आली आणि लिव्हर जाळून घेतलीत! हे उतरायला महिने लागतील. आणि उतरलं तरी वर्षभर कुणी तुमच्या अंगाला सुरी लावणार नाही."

"वर्षभर?" मी म्हणलं. "पण तुमी म्हणले ती थांबू शकत न्हाई."

त्यानं चष्मा काढला आन तूबाकडं बघितलं न्हाई. तवाच मला कळलं, तिच्याजवळ वर्ष न्हाई. मी तिथंच फरशीवर बसले. या अल्ला, एक किडनी द्यायची होती, ती बी मला नीट देता आली न्हाई.

दोन दिवसांनी एकटीच नांदेडला गेले. अक्काला पोरींच्या जेवणावर ठेवलं. मंजुश्रीनं माझे डोळे बघितले आन खुर्चीच ओढून बसली. मी तिला सगळं सांगितलं. ऑपरेशनचं, डब्याचं, आठ कॅप्सूलचं, फोनचं. मधी एकदा तिनं तोंडावर हात ठेवला. मग कुणालातरी फोन लावून दोन सीलबंद पाकिटं मागवली, एक माझ्या नंबराचं, एक अक्काच्या.

फोडली. वाचली. परत एकदा वाचली.

"एक खरी, एक रिकामी न्हवं?" मी इचारलं.

"रईसाबी," ती म्हणली, "दोन्ही खऱ्या होत्या. एक सोडून एक नसतं ते. चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं. शेजारशेजारच्या दोघींना, तिघींनाही खरी येऊ शकते. तुम्ही दुप्पट घेत होता. मी तेवढं आणखी नीट समजावून सांगायला हवं होतं." तिचे डोळे भरून आले.

"तू सांगितलंस, पोरी. चार म्हणलीस. मीच खाल्ल्या आठ."

"मला हे सगळं लिहावं लागेल."

"लिव. पण एक कर. पार्वतम्माला सांगू नको, तिच्या खऱ्या होत्या म्हणून."

ती म्हणली, "त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"ती तुला इचारणार न्हाई. ती मला इचारंल."

लातूरला उतरून तडक दवाखान्यात गेले. तूबा मशीनवर होती. मी तिला सांगितलं, कारण तिला न सांगता लपवायचं आता माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं. ती ऐकत राहिली, छताकडं बघत. गळ्यापाशी नळी, नळीत तिचं रक्त. मला वाटलं ती ओरडंल, मला शिव्या घालंल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणली, "अक्काला कळलं तर ती मरंल, अम्मी."

"ठाऊक हाय."

"मला बी मरायचं न्हाई," ती म्हणली, आन मग रडली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. मी तिचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले. तेवढंच करता येत होतं.

मेसवर आले तवा दुपारचं जेवण उरकलं होतं. अक्का संध्याकाळच्या भाकरीचं पीठ चाळत होती. मला बघितल्याबरोबर चाळणी थांबली.

"काय म्हणली? माझ्या खऱ्या होत्या का तुझ्या?"

"माझ्या खऱ्या होत्या," मी म्हणलं. "तुझ्या रिकाम्या, अक्का. नुसतं पीठ."

तिचा जीव भांड्यात पडला ते मला दिसलं. तिनं डोळे मिटून महादेवाचं नाव घेतलं. "म्हंजे माझ्यामुळं झालं न्हाई."

"न्हाई."

आन मग तिनं डोळे उघडले. अक्का अडाणी हाय, येडी न्हाई. "थांब. माझ्या रिकाम्या, मग तू सांगितल्याएवढ्याच खाल्ल्यास. पुरी मात्रा. तेवढ्यावरच लिव्हर जळली? मग त्या चष्मेवालीनंच केलं हे! माझ्या तूबाला तिनं..." ती पदर खोचत उठली. "मी जाते नांदेडला. सगळ्या दवाखान्यासमोर तिचं थोबाड रंगवते. पेपरवाल्यांना बोलावते. गल्लीतल्या तारामतीचा पोरगा हाय पेपरात."

मी एवढा विचारच केला नव्हता. खोटं एकीसाठी बोलले होते, ते दुसरीच्या गळ्यात चाललं होतं. त्या पोरीचं बारीक तोंड माझ्यापुढं आलं, भरलेले डोळे. अक्का म्हणली म्हंजे करणारच. तिला अडवायला माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती.

"तिनं फोन केला होता, अक्का," मी म्हणलं. "तीनदा. लिव्हर बिघडतीय, बंद कर म्हणली होती. मी हाव म्हणले आन खात राहिले."

अक्का तशीच उभी राहिली. "कवा?"

"तपासणीच्या नऊ दिवस आधी."

"मला सांगितलं न्हाईस."

"न्हाई."

"नऊ दिवस मी तुला रोज पाण्याचा तांब्या हातात देत होते, कॅप्सूल गिळायला. नऊ दिवस."

मला आकडा पाहिजे होता, एवढंच होतं, आन ते सांगायची बी लाज वाटत होती. अक्कानं माझ्या तोंडाकडं असं बघितलं, जसं ओळखीचं माणूस बाजारात दुसरंच निघावं. पंचवीस वर्षांत तिनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. मला वाटलं मारंल. मारलं न्हाई. ती खाली बसली, परातीत पाणी ओतलं आन माझ्याकडं पाठ करून पीठ मळायला लागली.

मी तिच्या शेजारी बसले. ती सरकली न्हाई. साडेसातला साठ पोरी जेवायला यायच्या होत्या, म्हणून मी पातेलं पुढं ओढलं आन कांदा चिरायला घेतला.